अण्णाचा वीस फुटी चेहरा

दोष मामाचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे गोष्ट संपेपर्यंत दोष नेहमी लहान माणसाच्या अंगावर येऊन पडलेला असतो.

तर एका गावात एक भोळा पोरगा राहायचा. नाव सुदाम. भोळा म्हणजे सांगितलं तेवढंच करणारा आणि सांगितलं ते सगळं करणारा. शाळेत मास्तर एकदा चिडून म्हणाला, "मला तुझं तोंड दाखवू नकोस." सुदाम वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसला. नापास झाला. मास्तर म्हणाला, याचं वर्गात लक्षच नसतं.

या सुदामचं कावेरीशी लग्न ठरत होतं. म्हणजे कावेरीने ठरवलं होतं, तिच्या बापाने नाही. बाप म्हणजे डोईफोडे अण्णा. अण्णा म्हणाला, "पोरगा आधी कामाला लागू दे. दिवाळीपर्यंत टिकला तर सुपारी फोडू. नाही टिकला तर पुन्हा दारात दिसायचं नाही."

म्हणून सुदाम त्याच्या मामाच्या दुकानात लागला. स्टँडसमोर मामाचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, सत्कार, निवडणूक, दहावा, गावातला प्रत्येक चेहरा तिथून छापून निघायचा. हल्ली लोकांना साधा फोटो नको असायचा. फोटोवरून कॉम्प्युटरवर केलेलं व्हेक्टर चित्र हवं असायचं.

"हे बघ," मामा म्हणाला, "फोटोवर बिंदू ठेवत रेषा ओढायची. रेषेच्या आत एकच सपाट रंग भरायचा. केस एक तुकडा, कपाळ एक तुकडा, सावली एक तुकडा. गोधडीसारखा माणूस जोडत जायचा. फोटो मोठा केला की फाटतो. हे हत्तीएवढं केलं तरी फाटत नाही."

"हत्तीचं करायचंय का, मामा?"

"माणसाचं. आणि फोटोत दिसेल ते घे. मनाचं काही घालू नकोस."

"छापायच्या आधी गिऱ्हाईकाला दाखवायचं ना?"

"मुळीच नाही. दाखवलं की दहा बदल सांगतात. थेट छाप, थेट लाव."

एवढं शिकवून मामा समोरच्या टपरीवर चहाला गेला. मामाचा चहा संध्याकाळी संपायचा.

पहिलं काम पतसंस्थेच्या चेअरमनचं. फोटो कुठल्या तरी जेवणावळीतला. सुदामने दोन दिवस घेतले. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोला. दिसलं ते सगळं घेतलं. दातावरचा तंबाखूचा डाग घेतला, वेगळा तुकडा, तपकिरी रंग. मिशीत अडकलेलं भाताचं शीत घेतलं. कॅमेऱ्याने कोपऱ्यात छापलेली तारीख घेतली. चेअरमनच्या नाकावर तेव्हा माशी बसलेली होती. फोटोत ती ठिपक्याएवढी होती. दहा फुटी फ्लेक्सवर कावळ्याएवढी झाली. पाय मोजता येत होते.

चेअरमन दुकानात आला. "ही माशी कोणाची?"

"तुमचीच, साहेब," सुदाम म्हणाला.

मामा टपरीवरून धावत आला. त्याने चेअरमनसमोर हात जोडले आणि सुदामच्या पाठीत एक घातली. मोठ्या माणसांना दोन्ही कामं एकदम जमतात.

"गाढवा, नको ते उडवायचं असतं. मधला माणूस ठेवायचा, आजूबाजूचं सगळं उडवायचं. कळलं?"

"कळलं. हे आधी सांगितलं असतं तर..."

"उलट बोलू नकोस."

दुसरं काम पाटसकर गुरुजींचं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कार्यालय घेतलं होतं. त्यांनी दिलेल्या फोटोत डावीकडे गुरुजी, उजवीकडे बाई, आणि दोघांच्या मध्ये केकचा ट्रे धरून उभा असलेला केटररचा माणूस. सुदामने मधला माणूस ठेवला. आजूबाजूचं सगळं उडवलं.

कार्यालयाच्या दारात फ्लेक्स लागला. वर 'सुखी संसाराची पंचवीस वर्षं', खाली एकटा केटरर, टोपी घालून. तो खरा केटरर दारातच वाढायला उभा होता. लांबचे पाहुणे त्यालाच नमस्कार करून पाकिटं देऊ लागले. दोन त्याने खिशात घातलीही.

गुरुजींनी सुदामला फ्लेक्सखाली आणून उभं केलं. "माझ्या संसारातून मलाच उडवलंस?"

"बाईंनाही उडवलं, गुरुजी. भेदभाव नाही केला."

मामा आला, हात जोडले, पाठीत घातली. "मूर्खा, नाव कोणाचं लिहिलंय ते बघायचं. त्याचाच चेहरा घ्यायचा. आणि गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे. प्रत्येकाची दहा वर्षं कमी कर. दहा वर्षं कमी दिसली की कोणी भांडायला येत नाही. हा धंद्यातला मंत्र आहे."

मंत्र खरा निघाला. गुरुजी आणि बाईंचं चित्र सुदामने पुन्हा केलं, दहा दहा वर्षं कमी करून. दुसऱ्या दिवशी गुरुजी सायकलवरून त्या फ्लेक्ससमोरून तीन वेळा गेले. तिकडे त्यांचं काही काम नव्हतं. सुदामला वाटलं, आलं आपल्याला.

तिसरं काम आलं चिरंजीव शौर्यचं. नववा वाढदिवस. बाप पुढारी होऊ पाहणारा, म्हणून पोराच्या वाढदिवसाला चौकात पंधरा फुटी फ्लेक्स आणि कडेने बत्तीस शुभेच्छुक. सुदामने बत्तीस जणांची दहा दहा वर्षं कमी केली. मग शौर्यवर आला आणि थांबला. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. शेवटी कावेरीला फोन केला.

"नऊतून दहा गेले तर काय उरतं?"

"काही उरत नाही," कावेरी म्हणाली. "का रे?"

"कामाचं आहे."

सुदामने काही उरू दिलं नाही. फुलांची चौकट केली, वर सोनेरी मुकुट, खाली 'चि. शौर्य', आत कोणी नाही.

सकाळी चौकातून जाणाऱ्या बायकांनी फुलांची रिकामी चौकट बघितली आणि खाली पोराचं नाव वाचलं. चार जणी रडतच त्याच्या घरी पोचल्या. शौर्य दारात चेंडू खेळत होता. त्याला बघून एक जण जास्तच रडली.

या वेळी मामाने फ्लेक्सच्या गुंडाळीनेच हाणलं. "स्वतःचं डोकं चालवू नकोस. शंका आली की घरच्यांना विचार. घरचे सांगतील तसं कर. एक अक्षर बदलू नकोस."

"गिऱ्हाईकाला दाखवायचं नाही, पण घरच्यांना विचारायचं?"

मामाने एक क्षण विचार केला. मग म्हणाला, "हो." आणि चहाला गेला.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आणि गावात सरपंचाची निवडणूक लागली. कावेरीचा बाप अण्णा उभा राहिला. समोर उभा राहिला त्याचा सख्खा चुलतभाऊ बापू. दोघांची घरं एका भिंतीला चिकटलेली, आणि मधल्या मोरीच्या पाण्यावरून अकरा वर्षं बोलणं बंद. साठीची माणसं, मोरीवरून. आणि हेच लग्नात पोरांना सांगतात, संसारात पडतं घ्यावं.

अण्णाने फोटो दिला आणि म्हणाला, "वीस फुटी कर. बाजाराच्या दिवशी वेशीत लागला पाहिजे. तुझ्या हातचं बघू."

कावेरीने फोन केला. "सुदाम, हे नीट कर. हे बिघडलं तर आपलंही बिघडलं."

"विचारून करतो," सुदाम म्हणाला.

चित्र निम्मं झालं आणि शंका आली. अण्णाच्या गालावर मोठा तीळ होता. ठेवायचा की उडवायचा? सुदाम विचारायला घरी गेला. अण्णा प्रचाराला वाडीवर गेलेला. कावेरी आणि तिची आई पत्रकं वाटायला गेलेल्या. घराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर बापू सुपारी कातरत बसला होता.

"कोण पाहिजे?"

"अण्णांच्या घरचं कोणी."

"मग बस की. एका आजाची नातवंडं आम्ही. आडनाव एक, देव्हारा एक. माझ्यापेक्षा घरचा कोण?"

"पण तुम्ही त्यांच्यासमोर उभे आहात ना?"

"निवडणुकीत समोर. घरात शेजारी. बोल, काय अडलंय?"

"तीळ ठेवू का?"

"ठेव. ओळखू नको का यायला?" बापूने आतून चहा मागवला. "अजून लिहून घे. डोळे खाली घे, थकलेले. हात जोडलेले. आणि खाली लिही: 'तब्येतीमुळे मी माघार घेत आहे. माझं मत बापूला. आपला, अण्णा.'"

सुदामने लिहून घेतलं. "हे अण्णांना माहीत आहे?"

"त्याला सांगू नकोस. आनंदाची गोष्ट अचानक कळावी."

सुदामने एक अक्षर बदललं नाही. तीन दिवस बसला. तसं चित्र त्या दुकानातून पुन्हा निघालं नाही. डोळ्यांखालच्या सावलीला सहा तुकडे केले. जोडलेल्या हातांच्या शिरा वेगळ्या निळ्यात भरल्या. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला आता घरी नेऊन झोपवावं. गुरुवारी बाजार भरायच्या आत फ्लेक्स वेशीत चढला. मतदान रविवारी होतं.

अण्णा दुपारी वाडीवरून ट्रॅक्टरवर आला. वेशीत एका म्हाताऱ्याने हाक मारली. "अण्णा, कसं वाटतंय आता?"

"मला काय धाड भरलीय?"

"तसं नव्हं. चित्रात लई थकलेला दिसतोयस."

अण्णाने वर बघितलं. शिडीवर सुदाम वाऱ्याने सैल झालेली दोरी पुन्हा आवळत होता. तो वरूनच म्हणाला, "अण्णा, या वेळी घरच्यांना विचारून केलंय."

"कोणत्या घरच्यांना?"

सुदामने बोट दाखवलं. भाजीच्या ओळीत बापू उभा होता. त्याने हात जोडले, अगदी चित्रातल्यासारखे.

फ्लेक्स तासाभरात उतरवला. तोवर तो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर गेला होता. अण्णा तीन दिवस घरोघर जाऊन सांगत होता, मी ठणठणीत आहे. लोक म्हणायचे, हो हो, आराम कर. रविवारी अण्णा सतरा मतांनी पडला.

मामा टपरीवर सगळ्यांना सांगत होता, "मी त्याला सगळं शिकवलं होतं." कोणी विचारलं नाही, कधी.

कावेरी बापाशी दोन दिवस भांडली. "तो भोळा आहे, अण्णा. लबाड नाही."

अण्णा म्हणाला, "लबाड परवडला असता."

बापूच्या विजयाचे अकरा फ्लेक्स मामाच्याच दुकानात छापले. सुदामचं काम दिवाळीच्या आधीच गेलं. कावेरीचं लग्न मार्गशीर्षात बार्शीच्या एका मुलाशी झालं.