जागल्याला हूल

"मग जागल्या गप्प का बसला, सर?"

हेरंब साठ्येनं हे उंबऱ्यातूनच विचारलं. चपलाही काढल्या नव्हत्या.

केळुसकर सर स्टोव्हवर पेज ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सर या डोंगरावर, दत्ताच्या देवळामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहायला आले होते. जुने विद्यार्थी अधूनमधून येत. अडलं की येत, हेच खरं. हेरंब तर कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच आला होता. हुशार मुलगा, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

नदीचं पाणी चढलं की वाडीत भोंगा वाजवणारं यंत्र त्यानं बनवलं होतं. अशा यंत्रात एक छोटं घड्याळ असतं. कंपनीतले लोक त्याला वॉचडॉग म्हणतात, सर वर्गात जागल्या म्हणायचे. यंत्रातल्या प्रोग्रॅमनं त्याला सारखं कळवत राहायचं, मी जागा आहे. निरोप आला नाही, तर प्रोग्रॅम कुठेतरी अडकला असं समजून जागल्या यंत्र बंद करतो आणि पुन्हा चालू करतो.

मंगळवारी पाणी चढलं. भोंगा वाजला नाही. माणसं कशीबशी माळावर पळाली. गोठ्यात बांधलेली गुरं गेली.

"प्रोग्रॅम अडकला होता, ते दिसतंय मला," हेरंब म्हणाला. "पण जागल्यानं त्याला उठवलं कसं नाही? घड्याळच बिघडलं म्हणावं, तर ते ठणठणीत आहे. दुपारी वाडीत जायचंय. काय सांगू लोकांना?"

"बस. पेज घे."

"भूक नाही."

"केव्हापासून?"

हेरंबनं चपला काढल्या आणि तो भिंतीशी येऊन बसला.

"जागल्याला निरोप कोण देत होतं?" सरांनी विचारलं.

"ती युक्ती माझी." हेरंब जरा ताठ बसला. "मुख्य प्रोग्रॅमला कामं फार. निरोपाला उशीर झाला की उगाच सगळं बंद पडून पुन्हा चालू व्हायचं. नसती कटकट. म्हणून निरोपाचं काम मी वेगळ्या टायमरकडे दिलं. काही होवो, तो वेळेवर निरोप देतोच."

"काही होवो?"

"काही होवो."

सर पेज ढवळत राहिले...

तेवढ्यात हेरंबच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो काढलासुद्धा नाही.

"बघ, कुणाचं काय आलंय."

"आलं नाही, गेलं. आईला रोज सकाळी मेसेज जातो, 'आई, मी मजेत आहे' म्हणून. कामाच्या गडबडीत राहून जायचं, मग ती दिवसभर फोन करत बसायची. म्हणून लावूनच ठेवलाय. आपोआप जातो."

सरांनी स्टोव्ह बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"आणि तू मजेत आहेस?"

हेरंब हसायला गेला. ते जमलं नाही.

"बायको सोडून गेली, सर," तो म्हणाला. "होळीच्या आधी. घरी गेलो की दिवासुद्धा लावत नाही मी. ऑफिसात कुणाला माहीत नाही. परवा लक्षात आलं, रविवारभर तोंडातून एक शब्द निघाला नव्हता. फार एकटं वाटतं."

"आईला ठाऊक आहे?"

"तिला कसं कळणार? रोज सकाळी तर मेसेज..."

तो थांबला.

"...प्रोग्रॅम अडकला होता, आणि माझा टायमर जागल्याला सांगत राहिला, सगळं ठीक आहे म्हणून." त्याचा चेहरा उतरला. "गुरं माझ्यामुळे गेली."

"हो," सर म्हणाले. "वाडीत हेच सांग."

धीर द्यायची त्यांना सवय नव्हती, वर्गातही नव्हती.

मग त्यांनी हात पुढे केला. हेरंबनं फोन दिला. सरांनी चष्मा लावला, त्यालाच विचारत विचारत तो रोजचा मेसेज बंद केला, आणि फोन परत त्याच्या हातात ठेवला.

"सर, असं नका करू," हेरंब म्हणाला. "उद्या मेसेज गेला नाही तर ती फोनावर फोन करील. उचलला नाही, तर पहिल्या एसटीनं येऊन दारात उभी राहील. उगाच घाबरेल हो ती."

सरांनी चष्मा काढून ठेवला.

"घाबरू दे."