सळई आणि बासुंदीची कढई

भांडी बोलायची त्या काळची गोष्ट. एका खानावळीत कोंबडी भाजायची सळई आणि बासुंदीची कढई शेजारी नांदत. जबडा दुखावलेल्या धुळोबा पैलवानाला जत्रेच्या कुस्तीसाठी आपणच उभं करायचं, असा सळईचा हट्ट.

“अंगात मांस भरतं ते माझ्यामुळं. तुझ्या गोडानं नुसती झोप येते, बाई.”

“येऊ दे. पण तुझं त्याला चावता येतं का?”

धुळोबानं कोंबडीचा घास घेतला, कळवळला आणि ताटात परत ठेवला. सळईनं तो परतलेला घास पाहिला. मग म्हणाली, “आधी तू जा. मी थांबते, पण हटत नाही.”

धुळोबा वाटी-वाटी बासुंदीवर सावरला. जबडा बरा झाला त्या सकाळी कढईनंच हाक मारली, “सळई, ऊठ. निखारे फुलले.”