राजहंसाचा नितळ सल्ला

एका खाडीच्या काठी, तिवरांच्या दाट रानात एक कोल्हा राहत असे. खाडीतल्या साऱ्या प्राण्यांनी त्याला आपला प्रमुख मानले होते, कारण त्याचा आवाज सर्वांत मोठा होता. मुलांनो, प्रमुख निवडायला एवढे कारण पुरत नाही, हे तुम्हाला-मला कळते. पण त्या खाडीत तशी पद्धत होती. आणखीही एक पद्धत होती. सभा भरली की कोणीतरी उभे राहून बोलायचे आणि त्याचे वाक्य संपले रे संपले, की बाकी सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचे. देवापुढे गाऱ्हाणे घालताना म्हणतात ना, अगदी तसेच. वाक्य काय होते, हे ऐकण्याची तसदी कोणी घेत नसे.

एकदा हा कोल्हा डोंगरावर फिरायला गेला. तिथल्या तळ्याचे पाणी इतके स्वच्छ होते, की तळाचे खडे मोजता यावेत. कोल्ह्याने त्यात आपले तोंड पाहिले आणि त्याला ते फार आवडले. घरी येऊन त्याने खाडीत डोकावले, तर पाणी दुधाच्या चहासारखे! तोंड दिसायचे नाव नाही. कोल्ह्याला भारी लाज वाटली. खरे तर खाडीला काही म्हणजे काही झाले नव्हते. मासळी भरपूर होती, तिवरांना हिरवीगार पालवी होती, आणि पाणमांजरीची तिन्ही पिल्ले खाऊन खाऊन गोल झाली होती. पण कोल्ह्याच्या मनाने घेतले, की आपली खाडी आजारी आहे. त्याने डोंगरावरच्या तळ्यात मुक्कामाला आलेल्या राजहंसाला बोलावणे धाडले.

राजहंस लबाड नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पाण्यातून दूध वेगळे काढण्याची त्याच्या घराण्याची ख्याती होती, आणि अनेक तळ्यांची दुखणी त्याने बरी केली होती. तो तीन दिवस खाडीवर पोहला. चोच बुडवून त्याने पाणी चाखले, वरून उडत जाऊन काठ पाहिला. फक्त चिखलात तो उतरला नाही, कारण त्याची पिसे पांढरीशुभ्र होती. चौथ्या दिवशी सभा भरली. राजहंस म्हणाला, "निरोगी पाणी नितळ असते. तुमच्या काठावर खेकड्यांची हजारो बिळे आहेत. ते रोज चिखल उकरून बाहेर टाकतात आणि भरती तो पाण्यात कालवते. बिळे बुजवा. खेकड्यांना खाडीच्या तोंडाशी खडकांवर राहायला पाठवा."

"व्हय म्हाराजा!" सभा गरजली.

राजहंस सभ्य होता. त्याने मुद्दाम विचारले, "याने कोणाचे नुकसान होणार असेल, तर त्याने आत्ताच सांगावे."

"व्हय म्हाराजा!"

"म्हणजे कोणाचीच हरकत नाही ना?"

"व्हय म्हाराजा!" आणि सांगायला वाईट वाटते, पण यात खेकड्यांचाही आवाज होता. त्यांचा म्होरक्या, लाल नांगीचा मोठा खेकडा, तर सगळ्यांत पुढे बसून ओरडला. तोंडाला सवय झालेली असली, की असे होते. राजहंसाला वाटले, सारी खाडी आपल्या बाजूने आहे. तो समाधानाने तळ्याकडे परतला.

आपण कशाला होकार दिला, हे खेकड्याच्या डोक्यात शिरेपर्यंत कोल्ह्याने धाडलेल्या रानडुकरांनी काठ तुडवायला सुरुवातही केली होती. तो धावत आपल्या बिळाकडे निघाला. त्याची बायको, कुर्ली, आत होती. तिने नुकतीच कात टाकली होती, अंग अजून मऊ होते, म्हणून ती सभेला आलीच नव्हती. खेकडा पोहोचला तेव्हा तिथे बीळ नव्हते, नुसता तुडवलेला चिखल होता. तो नांगीने उकरू लागला, पण डुकरांनी त्याला इतरांबरोबर पुढे हाकलले. खडकांवर पोहोचल्यावर तो खाडीकडे तोंड करून बसला. लाटा अंगावर फुटत होत्या, खायला चिखल नव्हता, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की आपल्या बायकोवर माती टाकायला आपणच होकार दिला.

इकडे पंधरा दिवसांत खाडी नितळ झाली. कोल्हा सकाळ-संध्याकाळ काठावर बसून आपले तोंड पाहू लागला. पण महिना उलटला, तसा काठाला कुजक्या अंड्यांचा वास सुटला. चिखल वरून कडक आणि आतून काळा पडला. तिवरांची पाने पिवळी होऊन गळू लागली. माशांची इवली पिल्ले गढूळ पाण्यात लपून वाढतात. आता त्यांना लपायला जागा राहिली नाही आणि बगळ्यांनी ती वेचून खाल्ली. पाणमांजरीची पिल्ले उपाशी रडू लागली. तेव्हा पाणमांजर डोंगर चढून तळ्यावर गेली. थंडी सरत आली होती आणि राजहंस परतीच्या प्रवासाला पंख साफ करत होता.

"तुम्ही जाताय वाटतं?" पाणमांजर म्हणाली. "जा. पण जाण्याआधी आमची नितळ खाडी एकदा बघून जा. माझी पिल्लं मरायला टेकलीत."

राजहंसाला तसेच उडून जाता आले असते. तो गेला नाही. तो खाडीवर आला आणि वास येताच त्याचा चेहरा उतरला. कोल्हा म्हणाला, "लगेच सभा भरवतो."

"सभा नको," राजहंस म्हणाला. "त्या दिवशीही मी सभेतच विचारलं होतं." आणि तो चिखलात उतरला. पोटापर्यंत रुतला, पिसे काळी झाली, तरी तो चोचीने चिखल उकरत काठाकाठाने चालत राहिला. जिथे तिथे काळाच चिखल आणि तोच वास. एका वळणावर मात्र तो थबकला. तिथे एक तिवर हिरवेगार होते. त्याच्या बुंध्याशी चिखल तपकिरी आणि भुसभुशीत होता, आणि मुळांच्या जाळीत, जिथे डुकरांचा खूर पोहोचू शकला नव्हता, तिथे एक बीळ होते. बिळातून दोन डोळे बाहेर आले.

"कोण गो तू?" मागोमाग आलेल्या पाणमांजरीने विचारले.

"मी कुर्ली. बीळ तुडवल्यानी, तेवा हय मुळांत शिरलंय, इतके दिवस हयसरच आसंय. माका कोणी इचारूक इलोच नाय."

"मी विचारतो," राजहंस म्हणाला. "फक्त हेच झाड हिरवं कसं?"

"चिखलाक नाक खय असता, म्हाराजा? आमी बिळां खणतो, त्याच वाटेन वारो खाली जाता, भरतीचा पाणी भितुर खेळता, मुळां सास घेतत. तुमी बिळां बुजवलास. नाक दाबल्यार कोण जगतलो?"

राजहंसाने बिळाच्या तोंडाशी चोच घालून वास घेतला. मग म्हणाला, "मला तळ्यातलं पाणी कळतं, बाई. खाडीतला चिखल कळत नाही. हे मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. माझी चूक झाली." एवढा मोठा विद्वान, पण त्याने ते सरळ सांगून टाकले, आणि मला तो त्याच क्षणी आवडला.

मग सगळे खडकांकडे धावले. उधाणाने कोणी वाहून तर गेले नसेल ना, ही धाकधूक प्रत्येकाला होती. पण खडकांच्या एका भेगेत सारे खेकडे एकमेकांना बिलगून बसले होते, वाळलेले, पण जिवंत. पाणमांजरीने लांबूनच हाक मारली, "अहो, तुमची कुर्ली जिवंत आहे!" लाल नांगीचा खेकडा भेगेतून इतक्या घाईने निघाला, की उलटाच पडला.

तेवढ्यात कोल्हा पुढे झाला. "परत चला," तो म्हणाला. "पण माझ्या घरासमोरचा काठ सोडून. तिथलं पाणी नितळ राहिलं पाहिजे."

सवयीने सगळ्यांची तोंडे उघडली. लाल नांगीचा खेकडा मात्र पुढे आला. त्याला घरी जायचे होते, आत्ताच्या आत्ता जायचे होते.

"नाय म्हाराजा," तो म्हणाला. "तेवढोच काठ कुजलो तरी खाडी कुजतली. आमका सगळी बिळां होयी. नायतर आमी येवचंव नाय."

असला शब्द त्या खाडीत आजवर कोणी उच्चारलाच नव्हता. राजहंस म्हणाला, "खेकडा सांगतो ते बरोबर आहे. हा माझा दुसरा सल्ला समजा, आणि हा त्याला विचारून दिलेला आहे." कोल्ह्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि शेपटी खाली घालून वाट दिली.

पाणमांजरीच्या पाठीवर बसून, तिच्या केसांना धरून खेकडे फेऱ्याफेऱ्यांनी घरी आले. कुर्ली बिळाच्या तोंडाशीच होती. खेकडा धावत तिच्यासमोर गेला. "मेल्या, इतको उशीर!" ती म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांच्या नांग्या घट्ट धरल्या. त्याच ओहोटीला हजारो नांग्या कामाला लागल्या. पुढच्या भरतीला चिखलातून बुडबुडे निघाले, वास ओसरला, आणि पाणी हळूहळू दुधाळ तपकिरी झाले. पालवी फुटायला अजून वेळ होता, पण त्या गढूळ पाण्यात माशांच्या पिल्लांची पहिली झुंड शिरली, तेव्हा पाणमांजर काठावर बसून हसली आणि रडलीही. राजहंस तळ दिसतो का ते पाहायला वाकला. काही म्हणजे काही दिसेना. "आता बरी आहे," तो म्हणाला, आणि निश्चिंत मनाने उत्तरेला उडाला.

तात्पर्य : जाणत्याने सल्ला देण्याआधी, तो ज्याच्या घरावर पडणार आहे त्याच्या दारी जाऊन विचारावे, आणि ज्याला विचारले जाते त्याने मान डोलावण्याआधी आपले खरे सांगावे.