पुसणीचा मान

त्या प्रदेशात बगळे कधी मळत नसत.

नदीकाठच्या मोठ्या चिंचेवर त्यांची वस्ती होती. पहाटेपासून चिखलात चोची खुपसून बेडूक-मासे धरायचे आणि घरी परतल्यावर अंगावर एक डाग नाही, ही गोष्ट इतर पाखरांना आजवर साधली नव्हती. बदकं मळत, टिटव्या मळत, म्हशींबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे कुणाचा वाद झाला की दोन्ही बाजू चिंचेखाली येत आणि बगळे सांगतील ते मुकाट ऐकून जात. एवढं पांढरं अंग असलेला कुणी खोटं कशाला बोलेल? नावंही त्यांनी अंगाला शोभतील अशीच ठेवली होती. कुणी कर्पूर, कुणी शंखिनी, कुणी कवडी.

नदी दहा पावलांवर वाहत होती, पण तिच्यात अंघोळ कुणी करत नसे. तसा नियम नव्हता; नियम असता तर एखाद्याने मोडला तरी असता. समज होता. अंघोळ करतो तो मळलेला असतो. ज्याने पाण्यात पंख बुडवले त्याने आपल्या तोंडाने कबुली दिली. म्हणून बगळे पाण्यात घोट्यापर्यंतच उतरत. त्यांची सभादेखील उथळ पाण्यात उभ्या उभ्याच भरे, आणि पाण्याच्या एवढ्या जवळ असून त्याची गरज न लागणं ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती.

मग चिखलाचं काय होई? त्यासाठी झाडावर सर्वांत अलीकडे आलेली सून असे.

सावरी पलीकडच्या काठावरून आली होती. तिच्या माहेरचे बगळे म्हशींमागून हिंडत, भरदुपारी पाण्यात उड्या टाकत आणि एकमेकांच्या अंगावर पाणी उडवून भांडत. ती मात्र त्यांच्यातही गप्पच असायची. लग्नात चारचौघांत कर्पूरचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिने तीन वेळा चोच उघडली आणि तीन वेळा मिटली. "गरीब आहे हो पोर," असं चिंचेवरच्या बायका म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून आवडलं.

पहिल्याच दिवशी तिची सासू शंखिनीबाई शेतातून परतली आणि म्हणाली, "सावरी, पाठ कर गं जरा."

सावरीने पाठ केली. सासूची ऊबदार छाती तिच्या पाठीवरून हळूच फिरली, मानेवरून गेली, पंखावर टेकली. माहेर सोडून एक दिवस झाला होता. कुणीतरी जवळ घेतंय एवढंच तिला कळलं आणि तिचे डोळे भरून आले. ती वळली तेव्हा सासूबाई लख्ख पांढऱ्या होऊन बाजूला झाल्या होत्या, आणि त्यांच्यामागे रांग लागली होती.

याला पुसणी म्हणत. पुसणीचा मान नव्या सुनेचा. सगळे परतून पुसून होईपर्यंत तिने बुंध्याशी उभं राहायचं, कुठे जायचं नाही. आधी सासरे आबा, जे साऱ्या झाडाचे प्रमुख होते. मग सासूबाई, मग थोरला दीर, मग जाऊ कवडी, मग उरलेले मानाप्रमाणे. कर्पूर सर्वांत शेवटी येई आणि तोवर तिच्या अंगावर कोरडी जागा राहिलेली नसे. "कुठे पुसू?" असं तो विचारी. विचारत असे, म्हणून तो चांगला नवरा समजला जाई.

कवडी सर्वांत जोर लावून पुसत असे. सावरी येईपर्यंत अडीच वर्षं ती बुंध्याशी उभी होती.

"ताई, जरा हळू," सावरी एकदा म्हणाली.

"माझ्या पाठीवर विचारायला कुणी आलं होतं का हळू की जोरात?" कवडीने दुसरी बाजू पुढे केली. "तुझे आत्ता कुठे चार महिने झाले. धाकट्याचं लग्न होऊ दे, त्याची आली की तूही मोकळी. मग पूस की तिला हवं तेवढं."

हे ऐकून सावरीला बरं वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती धाकट्या दिराला स्थळं येतात का यावर कान ठेवून होती. एकदा तर सासूबाईंच्या चोचीतून निसटलेल्या माशाबद्दल तिने आपणहून "माझ्याच धक्क्याने पडला" असं सांगितलं. सगळे म्हणाले, गुणाची आहे. तो शब्द तिने दिवसभर पिसांत जपून ठेवला होता. आता त्याची आठवण आली की तिला स्वतःचीच इतकी चीड येई, की ती उभ्या जागी माती उकरत राही.

उभं राहून राहून तिला एक विद्या मात्र आली. कुठला चिखल कुणाचा ते तिला ओळखता येऊ लागलं. शेतातला काळा, चिकट, तो कवडीचा. ओढ्याचा राखाडी, त्याला शेवाळाचा वास, तो सासूबाईंचा. त्या ओढ्यावर कधी जात नाही असं सांगत. तुडवलेल्या धानाच्या खाचरातला पिवळट, थोरल्या दिरांचा. ते वाणीने मोठे सोज्वळ होते. सावरी काही बोलत नसे. बोलणाऱ्यांपेक्षा तिला जास्त माहीत होतं, एवढंच.

त्या सकाळी आबा सर्वांच्या आधी परतले. "वळ, पोरी," म्हणाले. त्यांनी चोचसुद्धा तिच्या पाठीवर पुसली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. चिखल तांबडा होता. त्यात काळी, मऊ लव चिकटलेली होती.

तांबडा चिखल त्या प्रदेशात एकाच ठिकाणी होता. टेकडीखालच्या धाकट्या तळ्यात. तिथे पाणकोंबडीचं घरटं होतं, आणि घरट्यात पिल्लं असतील तोवर तळ्यावर कुणी शिकार करायची नाही, हा निवाडा खुद्द आबांनीच दिलेला होता.

ऊन डोक्यावर यायच्या आत पाणकोंबडी चिंचेखाली आली. धावत आली होती. ती आबांपुढे उभी राहिली.

"पाच होती," ती म्हणाली. "मी लव्हाळे आणायला गेले तेव्हा पाच होती. आता दोन आहेत. आबासाहेब, आमच्या तळ्याची माती तांबडी आहे. ज्याने नेली त्याच्या अंगाला लागलेली असणार. मला दुसरं काही नको. तो पुन्हा तिथे येता कामा नये. दोन उरलीत माझी."

सभा भरली. बगळे उथळ पाण्यात ओळीने उभे राहिले, सगळे दुधासारखे. विचारणा ज्याची होते त्याने वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला उभं राहायचं असा रिवाज होता, म्हणजे सर्वांना तो नीट दिसतो. विचारणा कुणाची हे ठरवायला वेळ लागला नाही. तांबडा डाग साऱ्या झाडावर एकाच पाठीवर होता. सावरीला पुढे नेऊन उभं केलं.

पाणकोंबडीने डाग पाहिला. त्यातली काळी लव पाहिली. तिने मान फिरवली.

"सावरी," आबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायाळू होता. "नवी आहेस. पोर आहेस. भूक लागली असेल. चुकलं म्हण, म्हणजे झालं. एक हंगाम खालच्या फांदीवर राहशील, बास. आम्ही काही कठोर माणसं नाही."

"आणि नाही म्हटलं तर?" सावरीने विचारलं. सभेत तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला, त्यामुळे दोघातिघांनी तो कुणाचा ते पाहिलं.

"तर झाडावर जागा नाही. खोटं बोलणारं कुणी इथे राहत नाही."

विचार करायला तिला थोडा वेळ देण्यात आला. कर्पूर तिच्याजवळ आला. इकडे तिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "म्हणून टाक ना. दोन शब्द आहेत."

"मी सकाळपासून बुंध्याशी उभी होते. तुम्ही पाहिलंत."

"सगळ्यांनीच पाहिलं. तू केलं नाहीस हे काय कुणाला माहीत नाही?"

"सगळ्यांना माहीत आहे, तर मग मी कशाला म्हणू?"

"अगं, म्हणूनच तर!" तो वैतागला. "कुणाच्या मनात तुझ्याबद्दल काही येणारच नाही. उगाच ताणू नकोस. आबांचं वय बघ."

सावरीने कर्पूरकडे पाहिलं. इतका पांढरा, इतका समजूतदार. आज सकाळी त्यानेही "कुठे पुसू?" असं विचारलं होतं, आणि तिनेच मान वर करून छातीवर जागा करून दिली होती.

"मी म्हटलं, तर उद्या त्या तळ्यावर कोण जाईल?" तिने विचारलं.

कर्पूर पाण्याकडे पाहू लागला.

"दोन उरलीत तिची," सावरी म्हणाली.

तेवढ्यात शंखिनीबाईंचा आवाज आला, "काय ठरलं गं? ऊन चढतंय. किती वेळ उभं ठेवणार आहेस वडीलधाऱ्यांना?"

कवडी शेजारणीला म्हणाली, "मला एवढा मान मिळाला असता तर मी केव्हाच म्हटलं असतं." शेजारीण हसली. पाणकोंबडीला हसू ऐकू गेलं. ती काठावर एका जागी उभी होती आणि तिची मान सारखी टेकडीकडे वळत होती.

चार महिने मनात जे धुमसत होतं त्याला सावरी लाज समजत आली होती. ती लाज नव्हती. ते आज तिला कळलं, आणि ती आबांकडे वळली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. आबांनी डोळे मिटून मान हलवली. "मी वळायला नको होतं. पहिल्याच दिवशी."

आणि ती पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, पोटापर्यंत. ओळीतल्या साऱ्या माना एकदम वळल्या. चिंचेवरच्या कुणीही, कुणाच्याही आठवणीत, असं केलेलं नव्हतं.

"बाहेर ये!" शंखिनीबाई ओरडल्या. "अगं, लोक बघतायत!"

सावरीने डावा पंख पाण्यात बुडवला आणि झटकला. काळा, चिकट गोळा सुटून प्रवाहाला लागला. "हा कवडीताईंचा," ती मोठ्याने म्हणाली. लग्नात नाव घ्यायला लाजलेली ती हीच, हे आता कुणाला खरं वाटलं नसतं. उजवा पंख बुडाला. "हा भावोजींचा, धानाच्या खाचरातला." मान बुडाली. "हा आईंचा. ओढ्यावरचा." कवडीची चोच उघडी राहिली, सासूबाई ओढ्यावर जातात हे तिला ठाऊक नव्हतं. छातीवरचा चिखल सुटायला वेळ लागला, तो थरावर थर बसला होता. "हा यांचा. मला विचारून पुसलेला." शेवटी तिने अंग टाकलं आणि पाठ पाण्याला दिली. तांबडा रंग तिच्याभोवती पसरला. काळी लव पाण्यावर वेगळी तरंगू लागली.

"आणि हा आबांचा. आजचा, सकाळचा. चोचीसकट."

पाणकोंबडी त्या तरंगणाऱ्या लवेकडे पाहत राहिली, मग हळूहळू तिची नजर ओळीच्या टोकाशी, आबांवर जाऊन थांबली. आबा समोर पाहत होते.

सावरी पाण्याबाहेर आली. पांढरी होती, पण त्यांच्यासारखी नाही. पाठीवर जिथे रोज छात्या घासल्या जात तिथली पिसं झिजून कातडी दिसत होती. तिने अंग झटकलं. थेंब दूरवर उडाले.

"चला," ती पाणकोंबडीला म्हणाली. "लव्हाळे आणायला जाल तेव्हा पिल्लांजवळ कुणीतरी हवं."

पाणकोंबडी क्षणभर थांबली. बगळ्याच्या जातीवर आता विश्वास ठेवायचा की नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मग तिने ती झिजलेली पाठ पाहिली आणि ती पुढे चालू लागली. सावरी तिच्या मागून निघाली. कर्पूरने हाक मारायला चोच उघडली. नेमकी काय हाक मारावी हे त्याला सुचलं नाही.

इकडे गढूळ पाणी ओळीपर्यंत पोचत होतं. काळा, राखाडी, पिवळा, तांबडा, सगळा एकत्र होऊन सावकाश येत होता. काठावर जावं हे सर्वांनाच सुचलं होतं, पण सर्वांचं एकाच गोष्टीवर अडत होतं: जो पहिला हलेल, चिखल त्याचा ठरेल. मागे कुणीही सरकलं नाही. अंघोळ तर करता येतच नव्हती. लाट आबांच्या पायाला लागली तेव्हा त्यांनी कुणाला कळणार नाही इतक्या हळू एक पाय उचलला आणि पोटाच्या पांढऱ्या पिसांत लपवला. दुसरा उचलता येत नव्हता. मग शंखिनीबाईंनी एक पाय उचलला, थोरल्याने उचलला, कवडीने, कर्पूरने. ओळीच्या शेवटापर्यंत पाय एकामागून एक वर गेले. मग सगळ्यांनी माना छातीत घेतल्या आणि डोळे मिटले, म्हणजे खाली पाहावं लागू नये.

तेवढ्यात वळणावरून एक बदकीण आपली पिल्लं घेऊन आली. पिल्लांचा कलकलाट चालला होता. समोरची ती निश्चल, पांढरी रांग पाहून तिने त्यांना पंखाने दाबून गप्प केलं.

"हळू," ती म्हणाली. "ध्यान लावलंय त्यांनी."

आणि मान लववून, पाणी न हलवता, ती बाजूने निघून गेली.