मानाचा खडा

उसाच्या मळ्यांनी चहूबाजूंनी वेढलेलं एक नगर होतं आणि त्या नगरात हैबती नावाचा एक गुळव्या राहत होता. काहिलीत उसाचा रस उकळू लागला की तो नुसता बाजूला उभा राही. चाखणं नाही, मोजणं नाही, फक्त बुडबुड्यांकडे बघायचं आणि योग्य क्षणी म्हणायचं, "उतरवा आता." त्याच्या हातची सोनेरी ढेप बघूनच तोंडाला पाणी सुटे. दूरदूरच्या मुलखांतून त्याच्या गुळाला मागणी होती. राजाचाही त्याच्यावर जीव होता.

त्या नगरात एक जुनी रीत होती. दरबारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं दाराशीच गुळाचा एक खडा खायचा. त्याला मानाचा खडा म्हणत. राजाच्या पणजोबांनी ही रीत घातली होती. ज्यानं राजाचा गूळ खाल्ला तो राजाशी बेइमानी करणार नाही, असा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. पण खडा असे लिंबाएवढा, आणि नको म्हणायची सोय नव्हती. जो नको म्हणेल त्याचं काम गेलंच म्हणून समजा. हैबतीला तर हंगामाचे चार महिने रोज सकाळी ताजी ढेप घेऊन दरबारात जावं लागे. म्हणजे रोज एक खडा ठरलेला.

चाळिशी उलटली तशी हैबतीला सारखी तहान लागू लागली. अंग गळून जाई. त्यातच एकदा उसाच्या बुडख्यानं पाय कापला. साधी जखम, चार दिवसांत भरायची. ती दोन महिने झाले तरी भरेना. शेवटी वैद्यबुवांनी पाहिलं आणि मान हलवली.

"हैबती, तुला मधुमेह झालाय. औषध देतो. जेवण वेळेवर कर आणि गोड बंद ठेव. हा हंगामभर असाच गूळ खात राहिलास, तर पाय वाचवणं माझ्या हातात नाही."

पाय गेला तर काहिलीपाशी उभं कसं राहायचं? हैबतीनं धीर करून राजाला एकट्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. राजा हसला.

"एवढंच ना? तुला खडा माफ. मात्र कुठे बोलू नकोस. उगाच जो तो माफी मागत येईल."

हैबती लंगडत का होईना, पण अगदी आनंदात घरी आला. त्याची बायको सोनाबाई देवापुढे साखर ठेवायला निघाली, मग जीभ चावून तिनं फूल ठेवलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी हैबतीच्या मनात दुसऱ्या कुणाचा विचारही आला नाही. आपण तरी काय वेगळं करतो? आपलं काम झालं की आपणही असेच घरी जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ढेप घेऊन दरबाराच्या दाराशी गेला. तिथे भिवजी नावाचा हुजऱ्या वर्षानुवर्षं खड्यांचं तबक घेऊन उभा असे. राजानं गुपचूप सांगून ठेवल्याप्रमाणे त्यानं हैबतीला खुणेनं आत सोडलं. हैबतीच्या मागे झाडू बांधून विकणारी जनाक्का होती. महिन्याचे झाडू पोचवायला ती आली होती. तिनं खडा उचलला, डोळे मिटले आणि कडू काढा गिळावा तसा गिळून टाकला.

"दादा, तुमास्नी कसं सोडलं वो?" ती हळूच म्हणाली. "मलाबी वैद्यांनी गोड बंद सांगितलंय. एका डोळ्यानं आता काय बी दिसत न्हाई. पन झाडू हिथंच इकायचं, मग न्हाई कसं म्हनायचं?"

हैबती तिथंच खांबाआड उभा राहिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं येणाऱ्याजाणाऱ्यांकडे नीट पाहिलं. एक कासार आला. त्यानं खडा तोंडात टाकला, चार पावलं पुढे जाऊन खोकल्याचं निमित्त केलं आणि खडा हळूच दाराजवळच्या दगडी हत्तीच्या मागे टाकला. मग एक शिंपी आला. त्यालाही नेमका त्याच जागी खोकला आला. मग एक म्हातारा सैनिक आला, आणि त्यालाही. हत्तीमागे गुळाचा ढीग झाला होता आणि त्यावर मुंग्यांची जत्रा भरली होती. कुणाला कुणाचं माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच चोर.

त्या दिवशी हैबतीचा पाक आयुष्यात पहिल्यांदा करपला. काहिलीभर काळा, कडू पाक. मजूर एकमेकांकडे बघत राहिले.

"धनी, लक्ष कुठं हाय तुमचं?" सोनाबाईनं विचारलं.

"माझा पाय वाचला, सोना," तो म्हणाला, "पन माझी मान खाली गेली."

सोनाबाई आधी चिडली. "म्हाराजांनी सोडलंय न्हवं? मग गप बसा की!" पण जनाक्काच्या डोळ्याचं ऐकलं तेव्हा तीच म्हणाली, "जावा, बोला सगळ्यांशी."

हैबती घरोघर फिरला. आणि काय सांगावं, त्या अख्ख्या नगरात कुणालाच मधुमेह निघेना! कासार म्हणाला, "मला काय धाड भरलीया?" शिंप्यानं तर दारच लावून घेतलं. गुळाच्या गावात गूळ सोसत नाही असं म्हणायचं म्हणजे लोकांना आपल्या आईला नावं ठेवल्यासारखं वाटे. शिवाय लोक हसत, खादाड म्हणत. मग हैबतीनं बोलणंच सोडलं. तो नुसता ओट्यावर बसे आणि पायाची पट्टी सोडून जखम दाखवी. राजाचा लाडका गुळव्या असा उघड्यावर बसलेला पाहून एकेकाचं तोंड उघडू लागलं. कुणाच्या पायाला मुंग्या येत होत्या. कुणी कामावर चक्कर येऊन पडलं होतं, कारण दरबारी कामावर मधे जेवायला सोडत नसत. शेवटी सगळे म्हणाले, "तू पुढं हो. आमी मागं हाय."

मागं आहोत म्हणणं सोपं असतं, हे हैबतीलाही ठाऊक होतं. तरीही तो पुढे झाला.

भरलेल्या दरबारात त्यानं राजाला मुजरा केला आणि म्हणाला, "म्हाराज, तुमी दिलेली माफी मला नगं. परत घ्या."

दरबारात कुजबुज उठली. राजाच्या कपाळाला आठी पडली. प्रधान ताडकन उठला. "मग खडा खा! भिवजी, तबक आण."

"खडाबी खानार न्हाई," हैबती म्हणाला. "माझं काम काढून घ्या पायजे तर. पन जे मला माफ, ते समद्यांना माफ पायजे. ज्याला ह्यो रोग हाय त्याला गुळाची सक्ती नगं."

"महाराज, याचं ऐकू नका," प्रधान म्हणाला. "आपलं राज्य उसावर जगतं. राजाच्याच दारात गूळ नाकारला, तर परमुलखात आपला गूळ कोण घेईल?"

"प्रधानजी, गुळाला कोन नाव ठेवतंय? त्यो माझ्याच हातचा हाय," हैबती म्हणाला. "पन एका मळ्याचा रस लवकर उतरवावा लागतो, दुसऱ्याचा उशिरानं. समद्या काहिलींना सारखाच जाळ लावला तर निम्म्या करपत्यात. तवा रसाला दोष देऊन चालत न्हाई. जाळ घालनाऱ्यानंच बघायचं असतंय."

राजाला असं कुणी बोललं नव्हतं. तो कठोर आवाजात म्हणाला, "तू सगळ्यांच्या वतीनं बोलतोस. कोण हे सगळे? माझ्यासमोर उभे राहू देत."

हैबतीनं मागे वळून पाहिलं. कासार जमिनीकडे बघत होता. शिंपी कासाराच्या पाठीआड झाला होता. कुणी हलेना. आता काम गेलं, अब्रूही गेली, असं हैबतीला वाटलं.

तेवढ्यात खण्णकन आवाज झाला. भिवजीनं हातातलं तबक खाली ठेवलं होतं. वीस वर्षांत त्यानं ते कुणासमोर खाली ठेवलं नव्हतं.

"म्हाराज, मी हाय," तो म्हणाला. "रोजचा पयला खडा मलाच खावा लागतो. रातीला पाय बधिर हुत्यात. मग बी दुसऱ्या दिशी मीच लोकांम्होरं तबक धरतो. ह्यांच्यातली निम्मी मानसं खडा त्या हत्तीमागं टाकत्यात, ते मला ठावं हाय. मी कंदी बोललो न्हाई."

मग जनाक्का काठी टेकत पुढे आली. "मी बी हाय." कासारानं मान वर केली. शिंपी त्याच्या पाठीआडून बाहेर आला. म्हातारा सैनिक छाती काढून उभा राहिला, जणू लढाईलाच निघाला होता. बघता बघता हैबतीच्या मागची रांग दरबाराच्या दारापर्यंत गेली. खुद्द प्रधानाचा कारकून लेखणी कानावर अडकवून त्या रांगेत जाऊन उभा राहिला तेव्हा प्रधान खाली बसला.

राजा सिंहासनावरून उतरला. चालत चालत दाराशी गेला आणि दगडी हत्तीच्या मागे वाकून पाहू लागला. दरबारात इतक्या मुंग्या कशा येतात म्हणून तो रोज झाडूवाल्यांना रागावत असे. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मला वाटायचं, लोक माझा गूळ खाऊन माझे होतात," तो म्हणाला. "माझ्या दाराशी लोक रोज खोटं वागत होते आणि ते मीच त्यांना शिकवलं. हैबती, माझं चुकलं. सांग, काय करू?"

"खडा ज्याला पायजे त्यालाच द्या. दुसऱ्याला मूठभर फुटाणे द्या, पन मान त्योच ठेवा. कामावरच्या मानसाला येळेवर जेवू द्या. पेठेपेठेत वैद्य बसवा, अवशिदासाठी कुनाला हात पसरायला लावू नगा. आन् ह्या रोगापायी कुनाचं काम जाऊ नये."

"दिला शब्द," राजा म्हणाला.

"लिवून द्या, म्हाराज," हैबती हात जोडून म्हणाला. "शब्द तुमच्याबरुबर जाईल. लिवलेलं तुमच्या नातवालाबी वाचता येईल."

राजाला हसू आलं. त्यानं रांगेतल्या कारकुनालाच बोलावलं आणि तिथल्या तिथे फर्मान लिहून घेतलं. प्रधानानं त्यावर शिक्का मारला, आणि सांगायला हवं की जरा जोरातच मारला. संध्याकाळच्या आत पेठेपेठेत दवंडी फिरली. लोक ओट्यांवर येऊन ऐकत होते. कित्येकांनी त्या दिवशी घरच्यांना आपला आजार पहिल्यांदा सांगितला. जनाक्काच्या घरी वैद्य स्वतः चालत आले. गेलेली नजर काही परत आली नाही, पण दुसरा डोळा त्यांनी सांभाळला.

गुळाचं म्हणाल, तर त्याचा खप तसूभरही घटला नाही. हैबती पुन्हा काहिलीपाशी उभा राहू लागला आणि त्याचा पाक पुन्हा कधी करपला नाही. जखम हळूहळू भरत आली. पुढच्या हंगामाच्या तोंडावर वैद्यबुवांनी पट्टी सोडली आणि म्हणाले, "आता खुशाल चाल."

हंगामाची पहिली ढेप दरबारात न्यायचा दिवस आला. हैबती घराबाहेर पडतो तर काय, अख्खी पेठ दारात उभी! ढोल वाजू लागले. कासार आणि शिंपी पुढे धावले आणि त्याला खांद्यावर उचलून घेऊ लागले. हैबतीनं दोघांना बाजूला सारलं.

"अरं, खाली सोडा मला!" तो ओरडला. "ह्या पायासाठी एवढं भांडलो, आन् तुमी मला उचलून नेताय व्हय? मी चालत जानार!"

लोक हसले, टाळ्या वाजवू लागले. हैबती ढेप डोक्यावर घेऊन दोन्ही पायांवर ताठ चालू लागला आणि सगळं नगर त्याच्याबरोबर चालत दरबाराकडे निघालं.

तात्पर्य: आपल्यापुरती माफी मिळाली म्हणून गप्प बसू नये, जे आपल्याला हवं ते सगळ्यांसाठी मागावं आणि कायद्यात लिहून घ्यावं, म्हणजे एका माणसाबरोबर सगळं गाव चालतं राहतं.