शिंकणाऱ्या सशाचं एकमत

ससा शिंकला, आणि डोंगरवेसच्या दरबाराचं कामकाज बंद पडलं!

ससा साधासुधा नव्हता, राजांच्या ताटासाठी वाढवलेला होता. चंद्रोजीराजांना सशाच्या रश्श्याचं भारी वेड. त्यासाठी वाड्यामागे खास ससेखाना बांधलेला, आणि तिथला सगळा कारभार हौसा नावाच्या पोरीकडे. बाप गेल्यापासून ती एकटीच तो सांभाळायची. गवत कापायचं, खुराडी झाडायची, आणि मुदपाकखान्यातून सांगावा आला की एक ससा धाडायचा. पण राजाच्या हुकमाशिवाय सशाला ना सुरी लावायची, ना औषध. तसा नियमच होता.

आता हा एक पांढरा ससा नाक गाळत बसलेला. कापावा की औषधपाणी करावं? हौसाने विचारलं, आणि राजांनी प्रश्न दरबारात टाकला. तिथेच घोळ झाला!

सेनापती रायाजी मिशीला पीळ देत म्हणाले, "कापा! आजार पसरायच्या आत मोकळे व्हा!"

राजवैद्य धुंडिराजशास्त्री म्हणाले, "छे छे! जगवा! माझा काढा काय शोभेला आहे?"

झालं. अर्धा दरबार डावीकडे, सेनापतींच्या मागे. अर्धा उजवीकडे, शास्त्रीबुवांच्या मागे. आणि राजा असा हट्टी, की माझ्या दरबारात दोन मतं दिसता कामा नयेत म्हणून अडून बसलेला. एकमत होईपर्यंत निर्णय नाही! दिवसामागून दिवस गेले, ससा शिंकत राहिला आणि माणसं भांडत राहिली.

शेवटी हौसाचा धीर सुटला. सशाला टोपलीत घालून ती थेट दरबारात आली.

"महाराज, काहीतरी एक ठरवा हो! याच्या पायी माझे बाकीचे ससे आजारी पडतील!"

"काहीतरी एक ठरवा?" राजे कडाडले. "एवढं सोपं वाटतं तुला? मग तूच कर यांचं एकमत! आज सूर्य बुडायच्या आत! नाही जमलं, तर अख्खा ससेखाना चुलीवर चढेल, आणि तू वेशीबाहेर!"

ससेखान्यामागची खोली हेच हौसाचं घर, दुसरं कुणी नाही, कुठे जाणार? पण रडायला वेळ होता कुठे? सूर्य केव्हाच कलला होता.

तिने पदर खोचला आणि डावीकडे वळली.

"सेनापतीसाहेब, कापायचं ना? कापूया! पण आजारी ससा थेट महाराजांच्या ताटात कसा वाढायचा? आधी कुणीतरी चाखायला हवा. जे जे 'कापा' म्हणतील, त्यांनी पहिली वाटी प्यायची!"

"वा! रास्त बोललीस," राजे म्हणाले.

नेमका तेव्हाच ससा शिंकला. सेनापतींनी त्याच्या गळत्या नाकाकडे बघितलं.

"तसं पाहिलं तर... मुकं जनावर आहे बिचारं," ते म्हणाले आणि तरातरा उजवीकडे गेले. मागोमाग त्यांची सगळी फौज!

"जगवा! जगवा!" सगळा दरबार एका सुरात ओरडला.

राजे खूश झाले. पण हौसाची अडचण तशीच होती. ती शास्त्रीबुवांकडे वळली.

"आता ठेवायचा कुठे ते सांगा. बाकीच्या सशांत नेता येत नाही. जे जे 'जगवा' म्हणतात, त्यांच्यापैकी एकाच्या घरी राहील. उबेची गरज आहे त्याला, रात्री अंथरुणात घ्यावा लागेल."

"अंथरुणात?" शास्त्रीबुवा किंचाळले. "अहो, आमची ही मला घरात घ्यायची नाही!" आणि धोतर सावरत ते डावीकडे पळाले. "कापा! कापा!"

त्यांच्यामागे सगळेच धावले. "कापा! कापा!"

"मग वाट्या आणू?" हौसाने विचारलं.

की परत पळापळ! कुणी इकडे, कुणी तिकडे, सेनापती मधेच शास्त्रीबुवांवर आदळले, एकाचं पागोटं दुसऱ्याच्या पायात. त्या गोंधळात सूर्य बुडाला.

"पुरे!" राजांनी पाय आपटला. "शरम वाटू द्या! एकमत नाही ते नाहीच! पेटवा रे चुली!"

"एकमत नाही?" हौसा म्हणाली. "महाराज, एकदा सोडून दोनदा झालं की! 'जगवा' कोण म्हणालं नाही, पुढे या. 'कापा' कोण म्हणालं नाही, तेही या!"

कुणीच पुढे आलं नाही. सगळे आपापल्या जोड्यांकडे बघत राहिले.

"अगं, पण दोन उलट गोष्टींवर एकमत?" राजांनी कपाळाला हात लावला. "मी पाळू कुठलं?"

"दोन्ही पाळा! आधी जगवायचं, मग कापायचं. महाराज, तुमच्या ससेखान्यात दुसरं चालतं काय?"

राजांच्या मिशा हलल्या. पण हट्टी माणूस, असा कसा सोडेल?

"बरं! आधी जगवायचं, कबूल. पण कापायचं कधी?"

"ते काही दरबाराने ठरवलेलं नाही," हौसा हात जोडून म्हणाली. "त्यासाठी पुन्हा दरबार भरवा, आणि एकमत होऊ द्या!"

"पुन्हा?" राजे सिंहासनावरून उठलेच. "नको, नको! त्यापेक्षा तो ससा म्हातारा होऊन मरू दे!"

आणि मग ते असे हसत सुटले, असे हसत सुटले, की डोळ्यांतून पाणी आलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं आणि म्हणाले, "पोरी, आजपासून ससेखान्यात तू म्हणशील ते. मला विचारू नकोस, आणि या मंडळींना तर मुळीच विचारू नकोस!"