पंचामृताची वाटी

एकदा एका मठात उत्सवाचा नैवेद्य फारच लांबला. त्या दिवशीच्या भोजनाचे यजमानपद एका बड्या व्यापाऱ्याकडे होते, आणि यजमानाच्या हातून नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही, असा तिथला दंडक. पाने मांडून झाली, भात निवला, तरी यजमानांचा पत्ता नव्हता.

देवापुढे नैवेद्याचे ताट राखत एक तरुण शिष्य बसला होता. त्याला मधुमेह होता. रोज इन्शुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागे, आणि हे त्याने मठात कुणालाही सांगितले नव्हते. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या गुरुबंधूलाही नाही. आपल्याकडे रोगाचे नाव काढले की समोरचा प्रत्येक जण वैद्य होतो, नाहीतर 'एवढ्या लहान वयात?' म्हणून कपाळाला हात लावतो. शिवाय मठाच्या नव्या पाठशाळेवर आचार्य म्हणून त्याला पाठवायचे घाटत होते. प्रकृतीचे कळले तर ते पद जाईल, ही त्याची खरी धास्ती होती.

आता वाढतीलच, अशा अंदाजाने त्याने इंजेक्शन घेतले होते. त्यानंतर पोटात अन्न गेले नाही तर रक्तातली साखर उतरते आणि माणसाची शुद्ध हरपते, हे त्याला ठाऊक होते. त्याला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. उठावे तर तोल जाईल, सांगावे तर गुपित फुटेल. तो डोळे मिटून बसून राहिला. लोकांना वाटले, काय ही एकाग्रता!

एवढ्यात मठाचे वृद्ध गुरुजी उठले. त्यांनी ताटातली पंचामृताची वाटी उचलली, स्वतः एक घोट घेतला आणि उरलेली शिष्याच्या ओठांना लावली. पंगतीत कुजबुज उठली. नेमके त्याच वेळी यजमान दारात आले.

"गुरुजी, देवाच्या आधी तुम्ही?"

"मला दम धरवला नाही," गुरुजींनी हात जोडले. "अपराध माझा. नैवेद्य पुन्हा करू."

व्यापारी पुष्कळ बोलला. या वयातही जिभेवर ताबा नाही, इथपर्यंत त्याची मजल गेली. गुरुजींनी निमूटपणे ऐकून घेतले, शिष्याला ओसरीवर नेले आणि त्याच्या हाती केळे दिले.

थोडी हुशारी आल्यावर शिष्याला रडू आवरेना. गुरुजींना कसे कळले, हे त्याने विचारले. कोठीच्या खोलीत सुई टोचून घेताना आपण त्याला एकदा पाहिले होते, असे ते म्हणाले. त्याने सांगितले नाही, म्हणून त्यांनी विचारले नव्हते.

"मग आज सर्वांना खरं का नाही सांगितलंत? तुम्हाला बोल तरी लागला नसता."

"आजार तुझा आहे, बाळ. तो कुणाला सांगायचा, हे तू ठरवायचंस. तुला सावरलं म्हणून तो अधिकार मला मिळत नाही. घराला कडी असावीच. पण आतून कडी लावून माणूस कोसळला, तर बाहेरच्यांनी काय करायचं? गावाला सांगू नकोस हवं तर. शेजारी झोपणाऱ्याला तरी सांग. पाठशाळेत मी नसेन."

"म्हणजे मला अजूनही पाठवाल?"

"पाठवीन. पण तिथं एकाला तरी हे ठाऊक असलं पाहिजे."

शिष्य तसाच उठला. आत्ताच पंगतीपुढे सारे सांगतो म्हणाला. गुरुजींनी त्याचा हात धरला.

"माझ्यावरचा ठपका पुसायला सांगू नकोस. ते देणं फेडल्यासारखं होईल. तुला जगायचं आहे, म्हणून सांग."

पुन्हा नैवेद्य झाला, पंगत बसली. यजमान अजूनही गुरुजींकडे रोखून पाहत होते, आणि ते शिष्याच्या जिव्हारी लागत होते. तरी तो गप्प राहिला. शेजारी गुरुबंधू बसला होता. त्याच्याकडे न पाहता शिष्याने हलक्या आवाजात आपला आजार सांगितला आणि मान खाली घालून तो वाट पाहू लागला.

गुरुबंधूने हातातला घास पानात ठेवला.

"पुन्हा असं झालं तर मी काय करायचं," त्याने विचारले, "ते मला नीट सांगून ठेव."